एकनळीचा घोडा जड झालाय? आधी मळ काढा, स्प्रिंग कापू नका

भात पोटरीला आलं की कोकणातल्या डोंगरउतारावरच्या शेतांत रात्रीची राखण सुरू होते. डुकरांचा कळप एकदा आत शिरला की सकाळपर्यंत उभं भात लोळवून ठेवतो, कणगराचे वाफे उकरून काढतो. या राखणीसाठी सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कित्येक घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असते. परवान्याच्या पुस्तकात तिची नोंद ‘एसबीबीएल’ अशी असते. म्हणजे मागून काडतूस भरायची, एका नळीची बंदूक. बहुतेक बारा बोअरची, नळी खाली वाकवून उघडायची आणि घोडा अंगठ्याने मागे ओढून चढवायची. बऱ्याच घरांत ती वडिलांकडून किंवा आजोबांकडून आलेली असते.

या जुन्या एकनळींबद्दल हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे घोडा चढत नाही. एके काळी एका अंगठ्याने सहज चढणारा घोडा आता दोन्ही अंगठे लावून ओढावा लागतो. राखणीला बसणारा माणूसही आता साठी-सत्तरीचा असतो, अंगठ्याचे सांधे दुखत असतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाका, लोण्यासारखा चढेल.’ हा सल्ला धोक्याचा आहे आणि तो ऐकू नये, म्हणून हा लेख. घोडा हलका करायचा तो आतलं घर्षण काढून आणि अंगठ्याची पकड वाढवून. स्प्रिंगचा जोर बंदुकीच्या कामाचा आहे, तो तसाच राहू द्यायचा.

एक खुलासा आधीच करतो. काही जण चापालाच घोडा म्हणतात. या लेखात घोडा म्हणजे मागचा, अंगठ्याने ओढायचा भाग; आणि चाप म्हणजे खालचा, बोटाने दाबायचा.

जड घोडा हा सुरक्षेचा प्रश्न आहे

जड घोडा म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. रात्रीची वेळ, दवाने ओला झालेला अंगठा आणि अर्ध्यावर आलेला घोडा निसटला, तर तो जोरात पुढे जाऊन काडतुसाला ठोका देणाऱ्या पिनवर आपटतो. अशा वेळी घोडा मध्येच अडावा म्हणून त्याला पहिली खाच ठेवलेली असते, तिला अर्धा घोडा म्हणतात. पण जुन्या बंदुकीत ही खाच झिजलेली असू शकते. नव्या घडणीच्या काही बंदुकांत चाप दाबल्याशिवाय घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचतच नाही, अशी आडपट्टीची सोय असते. जुन्या बंदुकांत बहुधा ती नसते. म्हणून चापाला बोट न लावताही बार उडू शकतो, हे धरूनच वागायचं.

घोडा उतरवताना धोका आणखी वाढतो. चढवताना अंगठा थकला तर घोडा सोडून देण्याआधी थांबता येतं. उतरवताना मात्र एका हाताने चाप दाबलेला असतो आणि सगळा जोर एकट्या अंगठ्यावर येतो. ज्याला घोडा चढवायला जड जातो, त्याला तो उतरवायला त्याहून कठीण जातो.

हात लावण्याआधी

बंदूक उघडा, काडतूस काढा. नळीच्या मागच्या तोंडातून आरपार उजेड दिसतो का ते पाहा आणि करंगळी आत घालून खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. त्यानंतरच कामाला बसा. काम चालू असताना मुलांना जवळ येऊ देऊ नका, आणि बंदूक रिकामी असली तरी तोंड कुणाकडे वळवू नका.

कायद्याची मर्यादाही समजून घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायला त्यासाठीचा परवाना लागतो. तुमच्या बंदुकीचा परवाना तो नव्हे. बाहेरून पुसणं, धुणं, तेल देणं ही मालकाची कामं. घोडा, स्प्रिंग, चाप सुटे करणं, कानस मारणं, नवा भाग बसवणं ही परवानाधारक कारागिराची. चांगली गोष्ट अशी की घोडा जड होण्याची बरीचशी कारणं पहिल्या प्रकारच्या कामांनीच दूर होतात.

दुखणं कुठे आहे ते ओळखा

रिकाम्या बंदुकीचा घोडा अगदी सावकाश मागे ओढा आणि हाताला काय लागतं याकडे लक्ष द्या.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत करकर लागत असेल, वाळू भरल्यासारखं वाटत असेल, तर आत मळ आणि गंज आहे. दुखण्यांत हेच सगळ्यांत जास्त आढळतं.

हालचाल गुळगुळीत, पण चिकट आणि सुस्त असेल, सोडताना घोडा आळसावल्यासारखा पुढे येत असेल, तर जुनं तेल आत सुकून राळेसारखं झालं आहे.

एका ठरावीक जागीच अडत असेल, तर घोडा कुठेतरी घासतोय. लाकडाला तरी किंवा लोखंडाच्या भिंतीला तरी. घोड्याच्या दोन्ही अंगांना मार्करची काळी शाई लावा, चार-पाच वेळा सावकाश चढवून उतरवा आणि पाहा. जिथली शाई पुसून लोखंड चमकायला लागेल, तिथेच दुखणं आहे.

श्रावणात जड आणि चैत्रात मोकळा, असं दरवर्षी होत असेल, तर दोष लाकडाचा. दस्त्याचं लाकूड पावसाळी हवेत फुगतं आणि यंत्राच्या भागांना दाबतं.

सगळं स्वच्छ आणि मोकळं असूनही पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच जोर लागत असेल, तर पूर्वी कुणीतरी दुसऱ्याच बंदुकीची जाड स्प्रिंग बसवलेली असू शकते. ते काम कारागिराचं.

अंदाजावर राहायचं नसेल तर सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या. घोड्याच्या शेपटीला मजबूत दोरा बांधा, काटा अडकवा, दस्ता नीट आवळून धरा आणि घोड्याच्या शेपटीशी काटकोन राहील असा ओढत जा. घोडा पूर्ण चढेपर्यंत सर्वांत जास्त किती आकडा आला, तो लिहून ठेवा. धुऊन, तेल देऊन झाल्यावर पुन्हा तसंच मोजा. किती फरक पडला ते आकड्यातच दिसेल, आणि पुढच्या वर्षी घोडा पुन्हा जड होऊ लागला तर तेही वेळेत कळेल.

धुण्याची रीत

लागणारं सामान साधं आहे: रॉकेल किंवा टर्पेंटाइन, जुना दात घासायचा ब्रश, सुती चिंध्या, दात कोरायच्या काड्या, शिलाई मशीनचं तेल आणि सुई नसलेली औषधाची पिचकारी. काम उघड्यावर, चुलीपासून आणि विडी-काडीपासून लांब करा.

आधी नळीखालची लाकडी मूठ काढून नळी वेगळी करा. रोज पुसायला ती काढताच, त्यात नवं काही नाही. मागे राहिला यंत्राचा भाग आणि दस्ता. दस्त्याच्या मानेभोवती, लोखंडाला लागून, कापड घट्ट गुंडाळा. रॉकेल लाकडात मुरू द्यायचं नाही.

आता यंत्राचा भाग उलटा धरा, घोडा जमिनीकडे. घोड्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींत पिचकारीने थोडं थोडं रॉकेल सोडा. उलटा धरण्याचं कारण हेच की सुटलेला मळ आत खोल न जाता खाली गळून पडावा. काडीने फटीतला मळ मोकळा करा, ब्रशने घासा. मग अंगठ्याने घोडा थोडा मागे घ्या, पुढे आणा, पुन्हा मागे घ्या. प्रत्येक वेळी अंगठा घोड्यावरच राहिला पाहिजे. घोडा सुटून फटकन आपटू देऊ नका. पुढे नळी आणि काडतूस नसताना पिनवर बसणारा ठोका पिनला आणि तिच्या घराला झेपत नाही, पिन चेपते किंवा मोडते.

पहिल्यांदा गळणारं रॉकेल काळं-तपकिरी असेल. त्यात गंजाची पूड, जळलेल्या दारूची काजळी, वर्षानुवर्षांचं तेल आणि कधी कधी कुंभारमाशीच्या घराची मातीसुद्धा निघते. गळणारं रॉकेल स्वच्छ होईपर्यंत हे करत राहा. गंज जास्त असेल तर एकदा भिजवून रात्रभर तसंच उलटं ठेवा आणि सकाळी पुन्हा सुरुवात करा. घाई करून घोडा जोराने ओढू नका. घोडा ज्या खिळीवर फिरतो, ती गंजलेली असताना जोर केला की ओरखडली जाते आणि मग घोडा कायमचा करकरतो.

धुऊन झाल्यावर कोरड्या फडक्याने टिपून, सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या. कडक उन्हात ठेवलं तर दस्त्याला चिरा पडतात.

तेल कोणतं आणि किती

या बाबतीत आपल्याकडे मोठी गैरसमजूत आहे. घरात खोबरेल असतं, तेच बंदुकीला लावलं जातं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. राखणीच्या थंड रात्री, नेमकी गरज असते तेव्हा, ते घोड्याच्या खिळीवर घट्ट होऊन बसतं. शेंगदाणा, करडई, तीळ ही तेलं हवेने हळूहळू चिकट होतात. जवसाचं तेल तर सुकून रोगणासारखं कडक होतं. लाकडाला ते चांगलं, पण यंत्रात त्याचा थेंबही जाऊ देऊ नये. डब्ल्यूडी-४० सारखी फवारणी ओल घालवायला आणि गंज सैल करायला उपयोगी पडते. तिच्यावर वंगण म्हणून विसंबू नका, काही दिवसांत तिचा परिणाम संपतो.

शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा खास बंदुकीसाठी मिळणारं तेल वापरा. घोड्याच्या खिळीवर दोन्ही अंगांनी एकेक थेंब, चापाच्या खिळीवर एक थेंब, आणि मोठी स्प्रिंग सळईवर चढवलेली असून ती दिसत असेल तर सळईवर एक थेंब. एवढं पुरे. जादा तेल धूळ धरतं आणि उरलेलं लाकडात उतरतं. जुन्या बंदुकांच्या दस्त्याची मान काळी, मऊ आणि ठिसूळ झालेली दिसते, तिचं कारण बहुतेक वेळा वर्षानुवर्षं मुरलेलं तेल हेच असतं. म्हणून तेल दिल्यावर पहिली रात्र बंदूक नळीचं तोंड खाली करून, जुन्या वर्तमानपत्रावर उभी ठेवा. जादा तेल दस्त्यात न जाता पुढे ओघळून जाईल.

फुगलेलं लाकूड

लाकूड फुगून घासत असेल तर पटकन पटाशी घेऊन तासायला बसू नका. पावसाळ्यात तासलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसलं की तिथे पोकळी पडते, आणि बाराचा धक्का लोखंडावरून लाकडावर असमान बसून दस्ता फाटतो. बंदूक आठ-पंधरा दिवस कोरड्या खोलीत, चुलीच्या थेट धगीपासून दूर ठेवा. सुकल्यावर घोडा मोकळा झाला तर निदान पक्कं झालं. मग कोरड्या दिवसांत कारागिराकडून घासणारी जागा कागदाच्या जाडीइतकीच खरवडून घ्या आणि लाकडाचा आतला उघडा भाग रोगण देऊन बंद करून घ्या. पुढच्या पावसात ओल आत शिरणार नाही.

अंगठ्याला मदत

स्वच्छ करूनही घोडा अंगठ्याला जड वाटत असेल तर पकड आणि तरफ सुधारा.

जुन्या घोड्याच्या शेपटीवरचे खवले झिजून गुळगुळीत झालेले असतात. अंगठा निसटेल या भीतीने माणूस नको तितका जोर लावतो. कारागीर ते खवले पुन्हा कोरून देतो. तोवर बँकेत नोटा मोजताना बोटाला घालतात ती रबरी टोपी अंगठ्याला घालून पाहा. ओल्या हातानेही पकड सुटत नाही.

दुसरा उपाय शेपटी लांबवण्याचा. हातपंपाचा दांडा जितका लांब तितकं पाणी उपसणं सोपं, तेच गणित इथेही लागू पडतं. घोड्याच्या खिळीपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर ४ सेंटिमीटर असेल आणि ते ५ सेंटिमीटर केलं, तर लागणारा जोर पाचव्या हिश्श्याने कमी होतो. अंगठ्याला थोडं जास्त अंतर चालावं लागतं इतकंच, आणि स्प्रिंगचा ठोका जवळजवळ तसाच राहतो. अमेरिकेत अशा एकनळीवर दुर्बीण लावणारे लोक घोड्याच्या शेपटीला स्क्रूने आवळून बसणारी आडवी जोडपट्टी वापरतात. आपल्याकडचा चांगला कारागीर तशीच स्क्रूने बसणारी, पण आडवी न जाता शेपटीच्याच दिशेने लांब जाणारी हलकी जोडपट्टी घडवून देऊ शकतो. तिच्या बाबतीत तीन गोष्टी पाहून घ्या: घोडा पूर्ण चढल्यावर पट्टी दस्त्याच्या मानेला टेकता कामा नये, स्क्रू सैल होता कामा नये, आणि पट्टी जड असता कामा नये. शेपटीला नवा तुकडा वेल्डिंग करून जोडायला मात्र साफ नकार द्या. त्या उष्णतेने घोड्याच्या खाचेचं पाणी उतरतं, मऊ झालेली खाच लवकर झिजते आणि चढवलेला घोडा आपोआप सुटायला लागतो.

चढवण्याची पद्धतही बदलून पाहा. बंदूक हवेत धरून अंगठ्याच्या टोकाने घोडा ओढण्यापेक्षा दस्त्याचं बूड मांडीवर किंवा कमरेला घट्ट टेकवा, नळीचं तोंड समोरच्या मऊ जमिनीकडे ठेवा, चापावरचं बोट बाहेर काढा आणि अंगठ्याचं टोक न लावता पेराचा भरीव भाग घोड्यावर ठेवून पूर्ण हाताने मागे खेचा. जोर अंगठ्याच्या सांध्यावर न येता मनगटातून आणि दंडातून येतो. रिकाम्या बंदुकीवर याचा सराव दिवसाउजेडी करा.

स्प्रिंग आणि खाच: इथे हात नको

स्प्रिंग कापायला का नको, ते नीट समजून घ्या. वेटोळ्याची स्प्रिंग कापली की तिचा सुरुवातीचा ताण जातो, म्हणून घोडा हलका लागतो. पण मग पिनचा ठोकाही हलका बसतो. काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर उथळ खळगा पडतो आणि बार उडत नाही. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी तो उशिरा उडतो. बार उडाला नाही म्हणून लगेच बंदूक उघडणाऱ्याच्या तोंडावर तो फुटू शकतो. शिवाय कापलेली स्प्रिंग उरलेल्या वेढ्यांत जास्त ताठ होते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात ती अपेक्षेइतकी हलकीही लागत नाही. बार कधीही फुसका गेला, तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा आणि मगच बंदूक उघडा.

काही जुन्या बंदुकांत व्ही आकाराची पट्टीची स्प्रिंग असते. ती दाबून काढायला खास चिमटा लागतो. पेचकसाने उचकटायला गेलात तर ती तडकून हाताला जखम करते, आणि तिच्या जोडीची स्प्रिंग मिळणं कठीण.

चापाचं टोक घोड्याच्या ज्या खाचेत अडकतं, तिच्या धारेला कानस किंवा पॉलिश लावणं ही दुसरी मोठी चूक. तिथे केसाइतका फरक पडला तरी बंदूक धक्क्यानेच सुटू शकते. कारागिराने स्प्रिंग बदलली किंवा आत काही काम केलं, तर बंदूक घरी आणण्याआधी ही तपासणी त्याच्यासमोरच करून घ्या: रिकाम्या नळीत उडालेलं काडतूस घालून घोडा पूर्ण चढवा, चापाला हात न लावता अंगठ्याने घोडा मागून जोराने पुढे रेटा. घोडा जागचा हलला नाही तरच बंदूक घ्या.

नळी यंत्राच्या जोडापाशी हलत असेल, अर्ध्या खाचेत घोडा थांबत नसेल किंवा कुठे चीर दिसत असेल, तर घोड्याचं काम बाजूला ठेवा. आधी बंदूक कारागिराला दाखवा आणि तोवर तिच्यात काडतूस भरू नका.

घोडा उतरवताना

राखणीत घोडा चढवला आणि डुक्कर आलंच नाही, तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. काही बंदुका घोडा चढलेला असतानाही उघडतात, काही उघडत नाहीत. तुमची कोणत्या प्रकारची आहे ते रिकाम्या बंदुकीवर पाहून ठेवा. उघडत असेल तर आधी काडतूस काढा, मग घोडा उतरवा. उघडत नसेल तर नळीचं तोंड मऊ जमिनीकडे करा, अंगठा घोड्यावर घट्ट ठेवा, चाप दाबा, घोडा थोडा पुढे आला की लगेच चाप सोडा आणि मग घोडा सावकाश उतरवा. उतरल्याबरोबर बंदूक उघडून काडतूस काढा. आणि खरंतर जनावर समोर दिसेपर्यंत घोडा चढवायचाच नाही, हा नियम सर्वांत सोपा. डुक्कर मारायची वेळ आली तर त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते. नुसता शेतीसंरक्षणाचा परवाना पुरत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

पावसाआधी एकदा आणि दसऱ्याच्या आसपास एकदा, अशी वर्षातून दोनदा धुलाई पुरते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तेलाचा बोळा फिरवा. बंदूक कातडी म्यानात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. कोरड्या सुती कापडात ठेवा. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर देण्याआधी आतून-बाहेरून तेल द्या आणि परत आल्यावर काडतूस भरण्याआधी धुवा. महिना-दोन महिने पडून राहिलेल्या बंदुकीत गंज पहिल्यांदा घोड्याच्या खिळीलाच धरतो.

एवढं करूनही घोडा अंगठ्याला आवरत नसेल, तर बंदूक पुढच्या पिढीच्या हाती द्यायची वेळ आली असं समजा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यांतलं जे आधी होईल त्यानंतर कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत चौकशी करा. मुलगा, सून, मुलगी, जो कुणी शेत सांभाळणार असेल, त्याला बंदूक सोपवण्याआधी वर सांगितलेली धुलाई एकदा त्याच्याकडूनच करून घ्या. तिचं कुठे काय अडतं आणि का, हे स्वतःच्या हाताने कळलेला माणूस ती जास्त जपून वापरतो.